सारसाची बोली

सानगडीचे भय्याजी लांजेवार लेकरांसाठी गोष्टी लिहितात, चित्रंही स्वतःच काढतात. त्यांचा शहाणा सारस अन् बावळट गधा इकडच्या पोराटोरांना तोंडपाठ आहेत. परवा गावच्या शाळेत त्यांनी गोष्ट वाचली, तशी चौथीतली रक्षा उभी राहिली.

"आबाजी, तुमचा सारस पुस्तकावानी बोलते. मंग गधाच आमच्यावानी काहून बोलते?"

पोरं खिदळली. भय्याजीही हसायला गेले, पण थांबले. सारसाची गोष्ट त्यांना मायनं सांगितली होती, ती याच बोलीत.

"शहरातल्या लोकाइले हसू यावं म्हणून, बाई."

"आमच्यावर?"

भय्याजींची मान खाली गेली. घरी बायको रुखमानं ऐकलं अन् सुनावलं, "माह्यासंग तं जलमभर गध्यावानीच बोलता जी!" ताटातला भात तसाच राहिला.

सकाळी ते पुन्हा शाळेत गेले, पुस्तक रक्षाच्या हाती दिलं. "सारस आपल्यावानी बोलन, तसं वाचून दाखव."

रक्षानं वाचलं. या वेळी कोणीच हसलं नाही. भय्याजी मात्र शेवटपर्यंत मान खाली घालूनच ऐकत होते.