टाळीला एक अक्षर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याइतकं मन लावून माणसाचं बोलणं ऐकणारा प्राणी अख्ख्या निगडीत सापडणार नाही. आणि त्यातलं काहीही लक्षात न ठेवणाराही तोच! माणसाचं बोलणं मशीनला लिहायला शिकवणं ही त्याची वाकडच्या एका कंपनीतली नोकरी. समोरचा बोलू लागला की हा प्रत्येक अक्षराला मांडीवर एक टिचकी मारणार. भाजीवाली तावातावानं भांडत होती, तर हा पिशवीवर टिचक्या मारत उभा. मेव्हण्याच्या आजारपणाची हकिकत मी कळवळून सांगितली, तर म्हणतो, "काका, शेवटचं वाक्य परत सांगा ना. दोन अक्षरं गिळलीत!" मेव्हणा कसा आहे, हे त्यानं आजवर विचारलेलं नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मात्र त्याची पंचाईत झाली. शिफ्ट संपली की कामगारांनी तक्रार बोलायची आणि याच्या मशीननं ती लिहायची, अशी सोय. पण पठ्ठ्यानं मशीनला शिकवलं होतं घरच्या कपाटात, बाहेरचा आवाज नको म्हणून गोधड्यांत डोकं खुपसून, बातम्या दिल्यासारख्या स्वतःच्याच आवाजात! पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात तो चालवणाऱ्या लातूरकडच्या मावशी म्हणाल्या, "प्रेसचं तेल गळू लालंय," की पडदा कोरा; 'लागलंय'चं त्यांच्याकडे 'लालंय' होतं. साहेबांनी बजावलं, शनिवारपर्यंत मावशी नीट बोलायला शिकल्या नाहीत, तर त्यांना पॅकिंगला पाठवू. इतकी वर्षं प्रेस सांभाळलेली बाई मशीनसमोर तोंडच उघडेना.

"शिकायचं मशीननं, मावशींनी नाही!" म्हणत हा आठवडाभर प्रेसशेजारी ठाण मांडून बसला. मावशी बोलायच्या आणि अक्षरागणिक टाळी द्यायच्या. "शब्द गोंगाटात बुडतो, काका," तो मला समजवायचा, "पण प्रत्येक अक्षराला आवाज जरा वर येतो. आधी ते चढउतार धरायचे, मग शब्द कुठला ते ठरवायचं."

शनिवारी प्रेस चालू, साहेब हजर. मावशी बोलल्या आणि पडद्यावर अख्खं वाक्य उमटलं, 'लालंय'सकट! सगळ्या कारखान्यानं टाळ्या पिटल्या. प्रेस मावशींकडेच राहिला. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे माजं बोलनं लिवन्याजोगं हाय म्हना की!" हे मला सांगताना त्याच्या टिचक्या पहिल्यांदाच चुकल्या.

त्या पराक्रमावर कंपनीनं त्याला बंगळूरला नेलं. मला त्याची फार आठवण येते. चहाच्या वेळी मी अजूनही काहीबाही सांगत असतो. घरचे मोबाइलवरून नजर न काढता "हं, हं" करतात. "काका, परत सांगा ना," असं कुणी म्हणत नाही.