मावसबहिणीची सही

ये, बस अशी जवळ. इतकी जवळ, की आवाज चढवायला नको. माझा आवाज आता चढत नाय. आणि तो फोन उलटा ठेव. गेल्या पावसाळ्यापासून तुझं एकच चाललंय, दर रविवारी नवा देश. आत्या, पोर्तुगालचं वाचलं का? आत्या, स्पेनचं पाठवलंय, बघितलं का? अगं, वांगं घेतानासुद्धा माणूस हातात धरून, उलटंपालटं करून घेतं, आणि तू मला सत्तरीला टेकल्यावर देश निवडायला सांगतीस, तोही फोनवर. रागवत नाय मी. थोडंसंच रागवते, तेवढं चालवून घे. तू आयर्लंडात, मी गारखेड्यात, आणि हे बोलायला तुझ्याशिवाय मला दुसरं माणूस नाय. म्हणून तू समोर बसलीस असं धरून लिहितेय.

हे देशांचं कुठून सुरू झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. आम्ही तुला अर्धंच सांगितलं.

मागल्या उन्हाळ्यात तुझी मावशी अंगणातल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तुझी मावशी म्हणजे जिच्यासोबत मी एकतीस वर्षं एका घरात राहते, ती. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या माणसानं कागद पुढं केला.

"पेशंटचं कोण तुम्ही?"

"मावसबहीण."

"सख्खं कुणी नाय का? मुलगा, भाऊ?"

"मी हाय की."

"तुम्ही हाय हो मावशी, पण ऑपरेशनच्या कागदावर जवळच्याची सही लागती."

मग गंगापूरहून तिचा भाचा आला. जीप प्रवाशांनी भरेना म्हणून तासभर तिथंच अडकला होता बिचारा. चांगला आहे तो, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाय. डॉक्टर त्याला विचारायचे, आत्याला शुगर आहे का? तो माझ्याकडं बघायचा. मी सांगायची. तो तेच डॉक्टरला सांगायचा आणि डॉक्टर त्याच्याकडं बघून मान हलवायचे. गोळ्या कोणत्या, किती वाजता, पेनिसिलीन चालतं का, सगळं माझ्या तोंडून त्याच्या तोंडात आणि तिथून कागदावर. सही त्यानं केली. आत घेताना तिनं स्ट्रेचरवरून माझा पदर धरला होता, तो नर्सनं सोडवला. "नातेवाईक इकडं, बाकीचे बाहेर थांबा," म्हणाली. मी बाकीची.

हे तुला सांगितलं त्या दिवशी तू फोनवर रडलीस, आणि पुढच्या रविवारी पहिली यादी आली.

आता ही मावसबहीण कुठून आली ते ऐक. तू कॉलेजची चार वर्षं आमच्याकडं काढलीस, पण ह्या गोष्टीला तू कधी हात लावला नाहीस आणि आम्ही पण लावू दिला नाय. तिसऱ्या वर्षाला असताना एकदा लसूण सोलता सोलता तू नुसतं म्हणालीस, "आत्या, मला कळतं बरं का." मी म्हटलं, "लसूण बारीक सोल." एवढंच काय ते आपलं बोलणं.

मी वैजापूरकडची, शेतीवाल्या घरातली. नवऱ्याशी रीतसर फारकत घेऊन शहरात आले, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. शाळा चौथीपर्यंत. बाटल्यांवरची लेबलं वाचून वाचून वाचायला शिकले, म्हणून माझ्या लिहिण्यात अजून औषधाचा वास येतो असं तुझी मावशी म्हणते. ती गंगापूरची, बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेल्या घरातली. टेलिफोनच्या खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांचे कॉल जोडून द्यायची. माझ्या आईनं तिला पहिला चहा दिला तो वेगळ्या कपात. ते तिनंही बघितलं, मीही बघितलं.

खोली बघायला गेलो तर घरमालक चाचांनी विचारलं, "रिश्ता क्या है तुम्हारा?" दिवसभर बोलायची नोकरी असलेली बाई, आणि त्या दारात तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटलं, "मावसबहीण." चाचा खूश झाले. "खालाजाद बहनां! फिर तो घर की बात है." दोघींची आडनावं ऐकली असती तर कुणीही हसलं असतं, की ह्यांच्या आया बहिणी कशा? पण चाचांनी काही विचारलं नाय, आणि मग ती गोष्ट गल्लीत गेली, गल्लीतून किराणावाल्याकडं, कंपनीत, खात्यात. आपण एकदा बोललेलं माघारी बोलवता येत नाय. पुढं आपलं हे घर घेतलं तेव्हा मावसबहीण सामानाबरोबर इथंही आली.

तर तुझे देश. दर रविवारी जेवणं झाली की मी तुझं पाठवलेलं मोठ्यानं वाचायची आणि तुझी मावशी खुब्याखाली उशी घेऊन ऐकायची. थायलंडात आता आपल्यासारख्यांचं लग्न लावतात हे वाचलं तेव्हा ती पहिल्यांदा खुशीत आली.

"तिथं विहार तरी असतील गं."

"विहार असतील, पण जेवणात मासळीचं पाणी घालतात म्हणे."

"मग तू उपाशी रहा. मी वंदना घेईन."

नेपाळचं वाचलं. ती म्हणाली, थंडीत माझा खुबा बोलतो. कॅनडात आत्याला बोलवायची सोय नाय, आईबापालाच आहे, हे तूच सांगितलंस. न्यूझीलंड नकाशात सापडायलाच चष्मा दोनदा पुसावा लागला. मी प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारत होते, तुला आठवत असंल: तिथल्या दवाखान्यात माझी सही चालती का? आणि तू दर वेळी लिहायचीस, चालते आत्या, लग्नाच्या बायकोसारखी चालते. मी ते तिला वाचून दाखवायची. एका रविवारी ती म्हणाली,

"सही चालंल. पण डॉक्टर काय म्हणतोय ते तुला कळंल का?"

मी चष्मा काढून ठेवला.

"इथं तुला सगळं कळतं आणि सही चालत नाय. तिथं सही चालंल आणि तू कशावर सही केली तेच तुला कळायचं नाय. मला कापायला नेलं का केस कापायला, तुला काय समजंल?"

हसलो आम्ही. पण त्या दिवसाचा रंग उतरला तो उतरलाच.

तरी तुझ्यासाठी म्हणून पोर्तुगाल धरला. पेन्शनीतल्या माणसाला तिथं राहू देतात, आणि त्याच्याबरोबर जोडीदाराला. पैशाचं तू बघते म्हणालीस, ते ऐकून घेतलं. मग तू खाली लिहिलंस की दोघी एकत्र राहतो ह्याचा पुरावा लागेल. एकत्र काढलेले फोटो, दोघींच्या नावचे कागद, ओळखीच्या माणसाचं पत्र. सोपंय आत्या, एकतीस वर्षं झालीत, ढीगभर असंल, असं तू लिहिलंस.

पोरी, ढीग सोड, चिमूटभर नाय.

कपाटातले अल्बम काढले. मावशी आहे तिथं मी नाय, मी आहे तिथं मावशी नाय, कारण फोटो काढणारी दुसरी. लग्नांतल्या फोटोत एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मधे अकरा बाया. हे आपोआप झालं नाय. फोटोवाला "जवळ या" म्हणाला की आम्ही दोघी दोन दिशांना सरकायचो. तुझ्या फोनमध्ये असतील म्हणून तूही शोधलंस, आणि तुझ्या फोटोतही कुणीतरी एक जण स्वयंपाकघराकडं निघालेली. कागदांचं तसंच. घर तिच्या नावावर, विजेचं बिल तिच्या नावावर. रेशनकार्डं दोन. गॅसची पुस्तकंसुद्धा दोन, एका ओट्याला! एका कार्डावर नावं घातली की नात्याचा रकाना भरावा लागतो, म्हणून. सिलेंडरवाला हसायचा, "ताई, तुमच्यात भांडण हाय का?" आणि बाहेरच्या खोलीत ती दुसरी खाट, जिच्यावर तू यायच्या आधी आणि तू गेल्यावर कुणी झोपलं नाय, तिची चादर मी दर आठवड्याला बदलत आले. कुणाला काही सापडू नये म्हणून आम्ही दोघींनी नोकरी करावी तसं काम केलं. चोख केलं. आता व्हिसाचा साहेब म्हणतो, दाखवा. काय दाखवू?

राहिलं पत्र. समोरच्या वहिनी तुला माहीतच आहेत, सव्वीस वर्षांचा शेजार. त्यांना म्हटलं, आम्ही दोघी एकत्र राहतो एवढं लिहून द्या, व्हिसासाठी लागतं.

"परदेशी निघालात? दोघी? आणि तिथं तुम्हाला ओळखणार कोण हो ताई?" असं म्हणत म्हणत वहिनींनी वही घेतली. दुपारभर लिहिलं. आखलेल्या कागदावर, पाठपोट. ह्या दोघी एकमेकींशिवाय जेवत नाहीत. एकीला ताप आला तर दुसरीकडून दोन दिवस भाजीला फोडणी पडत नाही. खुबा मोडला तेव्हा ही खुर्चीत बसून झोपली, अंथरुणाला पाठ लावली नाही. आणि शेवटी ठळक अक्षरात: अशा प्रेमळ बहिणी मी माझ्या हयातीत पाहिल्या नाहीत.

तुझ्या मावशीनं दोनदा वाचलं. "बाईनं सगळं खरं लिहिलंय," म्हणाली, "एक शब्द सोडून. आणि तो आपणच तिला दिलाय."

तू म्हणालीस, तेवढा शब्द बदलून घे. गेले होते मी. खरंच गेले होते, कागद ब्लाउजात घालून. वहिनी मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, निम्मी जुडी निवडली. त्यांच्या सुनेचं ऐकलं, पाणी किती दिवसांनी येतंय ते ऐकलं. कागद तसाच घेऊन परत आले. त्या चिडतील ह्याची भीती नव्हती गं. चिडल्या असत्या तर मीही भांडले असते. पण "सव्वीस वर्षं माझ्याशी खोटं बोललात व्हय ताई?" असं शांतपणे विचारलं असतं, तर? घरी आले तर तुझी मावशी काठी घेऊन दारातच उभी. माझं तोंड बघून तिनं चहा टाकला.

त्या रविवारी तुझा फोन मी उचलला नाय. बेजार झाले होते. तुझ्यावर नाय, पोर्तुगालवर पण नाय. इतकी वर्षं जपून जपून राहिल्याचा शीण एकदम अंगावर आला.

त्यानंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मोतीबिंदूचं. दवाखाना दुसरा. काउंटरवर कॉम्प्युटरपुढं एक तरणी पोरगी. "सोबत कोण आजी?" मी तोंड उघडलं, मावसबहीण जिभेच्या टोकावर, सवयच ती. तेवढ्यात तुझी मावशी बोलली. तिचा तो ऑपरेटरचा जुना आवाज, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"आम्ही एकतीस वर्षं एकत्र राहतो. ही माझी आहे."

रांगेतला एक माणूस वळून बघायला लागला. पोरगीनं मान वर पण केली नाय.

"हो आजी, पण नातं काय टाकू? यादीतलंच घेतं हे. आई, वडील, पती, पत्नी, बहीण..."

"बहीण नको."

"मग इतर टाकते. चालंल?"

"चालंल," तुझी मावशी म्हणाली.

पोरगीनं कागद छापून माझ्यापुढं सरकवला आणि मी सही केली. नाव तिरकं गेलं. रिक्षात बसल्यावर ती एका डोळ्यावर पट्टी घेऊन हसत होती. "मावसबहिणीची इतर झालीस, बढती झाली तुझी." मी म्हटलं, गप बस, डॉक्टरनं हसायला नको म्हटलंय.

पण डोळ्याला इतर चालतं. मोठ्या दुखण्याला कुणी पुन्हा सख्खं कोण विचारलं, तर? म्हणून एका वकीलबाईंकडं जाऊन आलो. कोर्टानं इथं लग्नाला नाय म्हटलंय, पण एकीला बोलता येईनासं झालं तर उपचाराचं दुसरीनं ठरवावं असं लिहून ठेवता येतं म्हणाल्या. उद्या दवाखान्यात ते किती मानतील ह्याची खात्री त्यांनीही दिली नाय. कागद तयार आहे. त्यात मावसबहीण कुठंच नाय, आमची दोघींची नावं आहेत आणि एकतीस वर्षं आहेत. त्याला दोन साक्षीदार लागतात. एक वकीलबाई बघतात. दुसऱ्या सहीला मी वहिनींना नेऊ शकते, त्या न वाचता करतील. तशी नको मला. आम्ही कोण ते ठाऊक असून करणारी सही हवी, आणि असं ठाऊक असलेलं माणूस तू एकच.

तुझी देशांची यादी कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवलीय. फाडली नाय. पण आता तुझी मावशी जिना चढत नाय, विमान कुठलं चढते? आणि वहिनींनाही सांगायचं आहेच एकदा. तू माझ्या शेजारी बसलीस तर माझ्याच्यानं होईल असं वाटतं. नुसती बस, तू बोलू नकोस.

तर आता देश पाठवू नकोस, तिकीट काढ. हुरड्याचे दिवस आले की ये, फार लांबवू नकोस. बाहेरच्या खोलीतली खाट तुझीच आहे, चादर कालच बदललीय.