नोंदणी नसलेल्या बायका

माझे केस कापले तेव्हा सासूबाई समोर खुर्चीत बसून चहा पीत होत्या. दवाखान्यातल्या आयानं विचारलं, "खांद्यापर्यंत ठेवू का?" सासूबाई म्हणाल्या, "मुळापासनं काडा. येड्या बाईला कशाला पायजेल वेणी." मी म्हटलं, "आत्याबाई, माज्या डोक्यात उवा न्हाईत." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आयाला म्हणाल्या, "बघितलंस? बडबड चालूच आसती."

त्या दिवसापासून माझं बोलणं म्हणजे बडबड.

मला आजार होता. ते मी लपवत नाही. मुलगी झाल्यावर माझी झोप गेली. कुणीतरी तिच्यावर विषप्रयोग करणार, असं सारखं वाटायचं. तिला पदराखाली घेऊन मी उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लपून बसायची. मला डॉक्टर हवा होता. नवरा फौजेत, लांब. फोनवर म्हणाला, "आई म्हणती तसं करा." सासर पलूसजवळ, पाटपाण्याची बागायत जमीन, गावात वजन. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. त्यांना कुणी कळवलंच नाही. बागायतदारानं कोरडवाहूला काय विचारायचं?

दवाखाना डांबरी रस्त्याकडेला होता. खाली बाळंतपणं, मोडलेली हाडं, सलाईन. वर मागच्या बाजूला जाळीचं दार. आत आम्ही बायका. घोट्यात साखळी, साखळी खाटेला. डॉक्टर सगळ्या रोगांचा होता. मनाचा डॉक्टर मी तिथं कधी पाहिला नाही. इंजेक्शन दिलं की जीभ जड व्हायची, आणि मग म्हणायचे, सुधारली.

शेजारच्या खाटेवर आष्ट्याच्या एक आक्का होत्या. जैन. त्यांच्या लेकांचं मोठं दुकान. आक्का दिवस मावळल्यावर जेवत नसत. जेवण यायचं अंधार पडल्यावर. आक्का ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाला, "अन्न सोडलंय, आजार वाढला." मग दोघी आयांनी धरून, नाक दाबून भात कोंबला. आक्का रडल्या नाहीत. तोंड पुसून मला म्हणाल्या, "लहानपणापासनं पाळलं व्हतं गं."

मी तेव्हा गप्प बसले. गप्प बसलं की साखळी सुटते, हे मला कळलं होतं. साखळी सुटली आणि मला खालच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला लावलं.

एके सकाळी डॉक्टर स्वतः वर आला. "पाव्हणे येनारेत. समद्यांनी मळ्यात जायाचं." वैरणीचा टेम्पो मागं लावला. बायकांना त्यात चढवलं. आक्कांना दोघांनी उचलून ठेवलं, पोतं ठेवावं तसं. डॉक्टर मला म्हणाला, "तू ऱ्हा. चहा कर. डोस्क्यावरनं पदर घे."

पाहुणे म्हणजे सरकारी पथक. एक साहेब, एक मॅडम. कुणीतरी तक्रार केली होती. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मॅडमनी विचारलं, "इथं मनोरुग्ण ठेवता?"

डॉक्टर हसला. "न्हाई हो मॅडम. त्याला सरकारची नोंदणी लागती. आमची नोंदणीच न्हाई, तर ठिवणार कसं?"

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. कागदावर नोंदणी नाही, म्हणून आम्ही नाही. साखळी नाही, आक्का नाहीत, भात नाही.

"ही कोण?"

"सैपाकाची बाई."

मी ट्रे टेबलावर ठेवला. म्हटलं, "मी सैपाकाची बाई न्हाई. मी पेशंट हाय. बाकीच्यास्नी टेम्पोत घालून मळ्यात न्हेलंय." लुगडं वर करून घोटा दाखवला. जखम अजून ओली होती.

मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरला विचारलं, "ही शुद्धीवर आहे ना?"

डॉक्टर लगेच म्हणाला, "येडी हाय मॅडम. हिच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका."

मी म्हटलं, "आत्ता तर सैपाकाची व्हते. येडी आसंन, तर हितं येड्या ठेवत्यात. नसंन, तर मी सांगती ते खरं हाय."

साहेब उठले आणि मळा कुठं आहे ते विचारलं.

वरच्या खोलीला सील लागलं. मला कुणी शाबास म्हटलं नाही. आक्कांना मुलांनी घरी नेलं आणि मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. घरातल्या कडीला कुठली नोंदणी लागत नाही. मला भावानं माहेरी आणलं. तोही म्हणाला, "लोक तुला शिव्या देत्यात. जवळ तेवढंच एक ठिकाण व्हतं. आता न्यायाचं कुठं?"

त्याचं खोटं नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर नाही. मी एसटीनं सांगलीला जाते, दिवस मोडून, आणि गोळ्या आणते. त्यांनी मला झोप येते. डोकं जाग्यावर आहे. मुलगी सासरीच आहे.

आता त्याच डॉक्टरनं रीतसर नोंदणी मागितलीय. नियमाप्रमाणं लोकांच्या हरकती मागवल्यात. मी हरकत घेतली. परवा सासरे दारात येऊन उभे राहिले, घरात आले नाहीत. म्हणाले, "हरकत मागं घे. उद्याच्याला लेक आणून दावतो."

माझी लेक चालायला लागली असेल. मला माहीत नाही. मी उंबऱ्याला घट्ट धरून उभी होते.

"लेक मी कोर्टातनं आणीन मामा," मी म्हटलं. "हरकत ऱ्हाणार."

आम्हाला दवाखाना हवा आहे, आमच्या तालुक्यात, मनाचा डॉक्टर असलेला. पण भिंतीवर नोंदणीची चौकट लावून आत तीच साखळी चालणार असेल, तर ती चौकट मी लागू देणार नाही. सुनावणीला जाणार आहे. कुणी विचारायच्या आधी सांगणार आहे, मी मनोरुग्ण आहे, गोळ्या चालू आहेत. आता माझं ऐकून घ्या. आणि ऐकून घेईपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.