जठारपेठेतल्या अकरा बाया

मिशनच्या बंगल्यात नोकरी धरली तेव्हा आईने तीन गोष्टी बजावल्या होत्या. तिथलं पाणी पिऊ नकोस, तिथलं काही खाऊ नकोस आणि तिथलं घरी येऊन सांगू नकोस. पहिली अकोल्याच्या उन्हाळ्याने आठवडाभरात मोडली, दुसरी पाद्रीसाहेबांच्या मडमबाईंच्या केकने. तिसरी मात्र मी नेमाने पाळली, आणि तिनेच घात केला. न सांगितलेल्या गोष्टी पोटात गप्प बसत नाहीत हो! भाकरी थापताना मध्येच हसू फुटतं, त्याने आई दचकते, आई दचकली की मी दचकते. तेव्हा एकदा सांगून मोकळी होते.

माझं काम साधं. प्रचारकांचे मराठी अहवाल इंग्रजीत करायचे आणि टाइप करायचे. ते परदेशातल्या मंडळींकडे, म्हणजे तिथल्या चर्चांकडे, जातात. तिथल्या लोकांचं मन द्रवलं की पैसे येतात, नाही द्रवलं तर येत नाहीत. हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं.

"भाषांतर अचूक पाहिजे," ते म्हणाले, "पण थोडं गरमही पाहिजे."

बी. ए.ला हे शिकवलं नव्हतं.

* * *

गरम कसं करायचं ते मी डॅनियल मास्तरांकडून शिकले. मास्तर आमचे प्रचारक, मुक्काम चांदूर रेल्वेला. महिन्याच्या महिन्याला त्यांचा अहवाल येई: 'श्रोते – तीनशे.' पुढच्या महिन्यात साडेतीनशे. चांदुरात एवढी माणसं एके ठिकाणी गोळा होतात तरी कधी, मला कळेना. ते पगाराला आले तेव्हा भीत भीत विचारलं.

"टेशनावर सांगतो न मी बायबलाचं वचन," मास्तर म्हणाले. "पॅशिंजर उभी रायते तेव्हा."

"पण ते लोक ऐकतात का?"

"गाडीत बसले असते, बाई. जातीन कुठी?"

"आणि गाडी सुटल्यावर?"

मास्तरांनी माझ्यापुढचा कागद ओढून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'पुष्कळ जण वचन घेऊन दूरदूरच्या प्रांतांत गेले.'

* * *

बंगल्यावर भाजी घालायला गंगू माळीण येते. तिची सात वर्षांची मुलगी मिशनच्या शाळेत आहे. एकदा मडमबाईंना परदेशी पाठवायला तिचा फोटो हवा होता. गंगूने पोरीला न्हाऊ घातलं, तेल लावून वेण्या घातल्या, अबोलीचा गजरा माळला, नवं परकर-पोलकं नेसवून आणलं. मडमबाईंचा चेहरा पडला! त्यांनी वेण्या सोडायला लावल्या, गजरा काढला, आतून एक फाटका झगा आणला. या कामासाठी तो त्यांच्या कपाटात घडी करून ठेवलेला असे.

हे गंगूला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. गंगू टोपली खाली ठेवून उभी राहिली.

"माह्या पोरीले भिकारीण काहून करून राहिले? आमी वांगे इकतो, लेकरं नाई!"

मी चार पावलं मागे सरकले. गंगूने गजरा परत माळला, पोरीचा हात धरला आणि फाटकापर्यंत गेली. तिथून वळून म्हणाली, "अन् त्यायले फोटोच पायजे असन त मडमबाईले म्हना, तुमीच घाला तो झगा."

हे भाषांतर मी गरम केलं नाही. चांगलं गार केलं.

* * *

त्याच गंगूचा आणखी एक ऐका. तिच्या वस्तीत विहीर खणायला परदेशातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पैसे पाठवले. साहेबांनी विचार केला की विहीर एका जागी राहते, मोटार गावोगाव जाते. मोटार घेतली! ती दर शनिवारी अमरावतीला जाते. डेप्युटी कमिशनरसाहेबांबरोबर टेनिस असतं.

रविवारी तिची धूळ धुवायची म्हणून गंगूच्या वस्तीतूनच घागरी मागवल्या. घागर उतरवताना गंगू मला म्हणाली, "इहीर आली मनून आयकलं होतं, बाई. तहानली दिसते!"

* * *

आमच्याकडचेही काही कमी नाहीत, बरं का. आमचे मामा वकील. जुन्या शहरात मिशनविरुद्ध सभा झाली, तिथे मामा असे काही बोलले की टाळ्या थांबेनात. मला वाटलं, उद्या माझी नोकरी सुटली. सकाळी सातला मामा दारात! मी उठून उभीच राहिले.

"बस, बस. तुझ्या साहेबांकडे एक शब्द टाक. आमच्या बाळूला तुमच्या शाळेत घालायचंय. तिथलं इंग्रजी उत्तम असतं."

"पण मामा, तिथे रोज प्रार्थना असते."

"असू दे. तेवढा वेळ तो मनातल्या मनात रामरक्षा म्हणेल. मी त्याची तयारी करून घेतली आहे."

* * *

आता राहेलबाई. ही आमची बायबलबाई. पन्नाशीची विधवा, पांढरं लुगडं, बंगल्यामागे एक खोली. खोली नोकरीबरोबरची, नोकरी गेली की खोली गेली. काम असं की घरोघर जाऊन बायकांना अर्धा तास क्रोशाचं विणकाम शिकवायचं आणि मग अर्धा तास वचन सांगायचं. विणकामाला सगळ्या हजर. वचन सुरू झालं की कोणाचं दूध उतू जातं, कोणाला सासू हाक मारते!

बाकी सगळ्यांचे अहवाल फुललेले. राहेलबाईचा असा: 'जठारपेठ. वकिलाचं घर. बाया नऊ. वचन ऐकलं दोघींनी. त्यातली एक झोपली होती.'

हे वकील दुसरे, आमचे मामा नव्हेत. मी तसंच टाइप करत आले. शेवटी तिचा पगार पाठवणाऱ्या मंडळीचं पत्र आलं. 'आम्ही इतकी वर्षे पैसे पाठवतो, पण तुमच्या अकोल्यात एक बाई झोपते, यापलीकडे काही घडत नाही.' सुधारणा दिसली नाही तर ईस्टरपासून पगार बंद.

मी धावत खोलीवर गेले. "मावशी, थोडं वाढवून लिहा ना! डॅनियल मास्तर लिहितात तसं."

"त्याचे लोकं गाडीनं निंघून जाते, पोरी. माह्या बाया तिथंच रायतात. उद्या कोनी मोजल्या त?"

दुसऱ्या दिवशी तिचा अहवाल टाइप करायला बसले. बायांचा आकडा यायचा होता, तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "कसं काय चाललंय?" आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळाचे अकराचे ठोके पडू लागले. मी अशी उडाले! ठोके संपले तेव्हा कागदावर होतं: 'जठारपेठेत अकरा स्त्रिया वचन ऐकून रडल्या.'

साहेब मागून वाचत होते. "याला म्हणतात अचूक," ते म्हणाले.

पगार चालू राहिला. पाठोपाठ पत्र आलं. मंडळीचे सेक्रेटरी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले आहेत. त्या अकरा स्त्रिया त्यांना डोळ्यांनी पाहायच्या आहेत, पगाराचं पुढे काय ते त्यावरच ठरेल.

मी राहेलबाईला सगळं कबूल केलं. तिने हातातली क्रोशाची सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "रडल्या? त्या बाया? अवो, सासू मेली तेव्हा नाई रडल्या त्या!"

* * *

सेक्रेटरी आले. उंच, चष्मेवाले, मऊ बोलणारे. वकीलसाहेबांनी लगेच परवानगी दिली, कारण शेवटी ग्रुप फोटो निघणार होता. बैठकीत पाहुण्यांच्या खुर्च्या, मधला पडदा बाजूला सारलेला, माजघरात नऊ बाया. घरच्या गोदूताईंच्या मुलीचं लग्न वैशाखात, व्याही पुण्याचे. रुखवतासाठी क्रोशाचं तोरण चाललं होतं. नऊ पोपट विणून झाले होते. एकालाही चोच नव्हती. तो टाका फक्त राहेलबाईला येतो.

सेक्रेटरींनी खूण केली. राहेलबाईने पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"बायांनो, फुडच्या मयन्यापासून मी येनार नाई. माही नोकरी जाऊन राहिली. चोची तुमच्या तुमी इना."

मग गोदूताईंनी मांडीवरच्या तोरणाकडे पाहिलं.

"अहो राहेलबाई, पुण्याचे आहेत हो ते!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका फुटला. शेजारच्या सूनबाईंना फुटला. मग सगळ्याच. जी नेहमी झोपायची, ती तर सर्वांत मोठ्याने!

सेक्रेटरींनी चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले. मोजायला त्यांना दिसतच नव्हतं. हलकेच त्यांनी मला विचारलं, "ती काय म्हणाली?"

"निरोपाचं बोलली," मी सांगितलं.

"प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचाच प्रसंग," ते मडमबाईंना म्हणाले. मडमबाईंनी डोळे मिटले.

राहेलबाईची जागा कायम झाली. खोली राहिली. चोची लागल्या, लग्न झालं, पुण्याच्या व्याह्यांनी नावं ठेवली नाहीत.

महिनाअखेरीला राहेलबाई अहवाल घेऊन आली. 'जठारपेठ. वकिलाचं घर. बाया नऊ. रडल्या नऊ. वचन सांगतलं नाई.'

कागद माझ्यापुढे ठेवून ती गेली नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"हं. टाइप कर. मी पाहून राहिली."

राहेलबाईला इंग्रजी वाचता येत नाही. इंग्रजी आकडे मात्र येतात. विणकामाच्या पुस्तकातले टाके मोजून मोजून शिकली आहे.