वडवणीच्या बाजारातली जुनी लेन्स

मला हातानं फोकस करायच्या जुन्या लेन्स जमवायचा नाद आहे. त्यातलीच एक जड, दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून मी वडवणीच्या बाजारात फोटो काढत होतो. मेंढरं विकून मोकळा झालेला एक म्हातारा धनगर शेजारी उभा होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पागोटं मागं सारून, मान वाकडी करून तो माझ्या बोटांकडंच बघत होता.

"सारखं काय पिळायलाव?" त्यानं विचारलं.

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि चित्र स्पष्ट करायला लेन्सवरची रिंग कशी फिरवायची ते दाखवलं. कोकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी त्यानं ती हळूच फिरवली. रस्त्यापलीकडं त्याची बायको दोन शेळ्यांची दावी धरून उन्हात उभी होती. तिच्यावर येऊन त्याची बोटं थांबली. कॅमेऱ्याला लावलेला डोळा त्यानं काढलाच नाही.

"म्हातारी झाली की ही," शेवटी तो म्हणाला. "रोज संगट हाय, पर मला दिसलंच न्हाई."

कॅमेरा परत देऊन तो तडक पलीकडं गेला. तिला लिंबाच्या सावलीत बसवून त्यानं चहा आणून दिला आणि शेळ्यांची दावी स्वतःच्या हातात घेतली.

"आज कावून एवढं?" तिनं विचारलं.

"पी गप," तो म्हणाला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती मागं सावलीत, तो पुढं उन्हात. त्या लेन्समध्ये दोघांपैकी एकच स्पष्ट येत होतं. तो तिच्याकडंच बघत होता, म्हणून मीही रिंग तिच्यावर आणली.