कॅनसाठी कापलेली स्कूटर

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. बाबांची जुनी इटालियन धाटणीची स्कूटर मेहुण्याने मागून नेली होती. आज सकाळी त्याचा मुरबाडहून फोन आला, "भावजी, स्कूटर मधूनच वाकली."

जाऊन बघतो तर काय! दुधाचा कॅन घसरू नये म्हणून या शहाण्याने पाय ठेवायच्या जागेलाच कॅनचं बूड अडकून बसेल एवढं भोक पाडून घेतलेलं!

अरे, या स्कूटरला मोटरसायकलसारखा आत वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याची बॉडी हाच तिचा कणा. तोच कापलास?

तर म्हणतो, "पण भावजी, दूध एक थेंब सांडलं नाय हां!"

याला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा. जरा जपून सांगा. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, मागे उभी राहून वाचतेय.