गच्चीवर वाळत घातलेला कीबोर्ड

आमच्या वडिलांचा, आण्णांचा, आवाज असा होता की त्यांनी घरातून रिक्षाला हाक मारली तर सात रस्त्याच्या चौकात उभ्या असलेल्या रिक्षा आपोआप चालू व्हायच्या. शपथेवर सांगतो. ते सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, आणि साहेबांना त्यांच्याशी बोलायचं असलं की साहेब आधी खिडक्या लावून घ्यायचे. असा हा गळा डॉक्टरांनी उघडला आणि आतली गाठ स्वरयंत्रासकट काढून टाकली. माणूस वाचला, आवाज गेला.

लिहून बोला म्हणावं, तर हात थरथरायचा. पेन धरलं की कागदावर नुसता भूकंप. पण तेच हात कीबोर्डवर ठेवले की गपगार. कचेरीतून भंगारात निघालेला एक कीबोर्ड त्यांनी निवृत्त होताना मागून आणला होता. पाट्यासारखा जड, आणि कळा इतक्या टणक की एक पत्र टाइप केलं की माझी बोटं शेकायला लागायची. तो कॉम्प्युटरला जोडला, पडदा बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडला, आणि आण्णा पुन्हा बोलायला लागले. बोलायला कसले, भांडायला. दारात कुणी आलं की पडद्यावर विताएवढ्या अक्षरांत ‘जयभीम, बसा’, आणि पाहुणा टेकायच्या आत ‘गल्लीतली गटार अजून तशीच का?’ आईशी तर आमटीतल्या मिठावरून दुपार दुपार वाद. आई तोंडानं, ते बोटांनी. आणि आई हरायची! आमच्या आईच्या तोंडापेक्षा भरभर चालणारी वस्तू या पृथ्वीवर असेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात, असाच वाद रंगात आला असताना, कीबोर्डची मधली ओळ मेली. आण्णांची वाक्यं दात पडल्यासारखी दिसायला लागली. ते कळा बडवत होते, आई जिंकत होती, आणि तिला ते बिचारीला आवडलंही नाही. “आरं बघ की जरा,” ती मला म्हणाली, “ह्यांचं निम्मंच उमटायलंय.”

मी पतसंस्थेत नोकरीला. आमच्याकडे काहीही बंद पडलं की बंद करून चालू करतात, ते केलं. वायर काढली, फुंकली, परत घातली. मागचं भोक बदलून पुढच्या भोकात घातली. काही नाही. मग कीबोर्ड पालथा धरून, तान्ह्या बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसा थोपटला. तेव्हा त्यातून जे पडायला लागलं ते थांबेना. आण्णा जेवताना भांडायचे ना. कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणी. चटणी इतकी निघाली की गल्लीत वाटीवाटी वाटली असती तरी उरली असती. तेल सुटून सगळा चिकटा झाला होता. मी एकेक कळ उचकटून काढली, फडक्यानं पुसत बसलो. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेलो, येऊन बघतो तर आई मोरीत बसून कीबोर्ड भांड्याच्या साबणानं घासतेय.

“आई! काय करतीस?”

“खरकटं लागलंय न्हवं त्याला? मग धुयाचंच की.”

धुतलं ते धुतलं. आता सुकवायचा. आई सोलापूरजवळच्या वळसंग गावची. तिच्या लेखी ओली वस्तू आणि गच्ची यांच्यामध्ये तिसरं काही नसतं. वर आधीच साडी अंथरून कुरडया घातल्या होत्या, त्यांच्या मधोमध तिनं कीबोर्ड मांडला, काढलेल्या कळा चाळणीत पसरल्या, आणि कावळ्यानं नेऊ नयेत म्हणून वर दगड ठेवला.

मी म्हणालो, “ऊन लई आहे गं.”

“लई हाय म्हणूनच की! कुरडई वाळती, ह्याला काय धाड भरलीया?”

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. सोलापूरच्या उन्हावर आमची श्रद्धाच तशी आहे. त्या दिवशी तर कावळे एक पाय वर धरून उभे होते, आणि समोरचा मोबाइलचा टॉवर सावली शोधत थोडा कलला होता.

संध्याकाळी मी आणि आई वर गेलो. कीबोर्डनं पापडासारखी कड वळवली होती. आतलं प्लॅस्टिक सुरकुतून गोळा झालं होतं. मी तो दोन्ही बाजूंनी दाबून सरळ करायला गेलो, तर मधून कडकन वाजला.

मागून आण्णा जिना चढून आले होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि कळा नसलेल्या त्या खड्ड्यांवर बोटं चालवली. झरझर, नेहमीसारखी. कशालाच जोडलेला नव्हता तो. मग आईकडे बघून त्यांचे ओठ खूप वेळ हलले. ती कुरडया मोडत मोडत गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जुन्याकडे बघून हातच जोडले. “काका, ह्याचं काय होत नसतंय. हा नवीन घ्या. लई स्मूद. फुंकर मारली तरी अक्षर उमटतंय बघा.”

तिथंच घात झाला. घरी आणून जोडला, आण्णांनी नव्यावर हात टेकवले मात्र, आणि पडद्यावर एकच अक्षर मालगाडीसारखं धावत सुटलं. त्यांचा हात कधी गपगार झालाच नव्हता. टणक कळा त्या थरथरीला दाद देत नव्हत्या, एवढंच. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुकानदार भला माणूस, घरी येऊन त्यानं सेटिंग केलं. कळ जरा वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटणार. पडद्यावरची थरथर थांबली, पण आण्णांची बोटं वाऱ्यासारखी. ती कुठं थांबायला? त्यांनी अख्खं वाक्य टाइप केलं आणि वर बघितलं. पडदा कोरा. मग एका बोटानं, दाबून, मोजून, ‘जयभीम’ लिहिलं. तोवर दुकानदाराचा चहा पिऊन झाला होता.

करकंबला मामेभावाच्या शाळेत तसाच जुना कीबोर्ड असल्याचं कळलं. एसटीनं जाऊन आणला. त्याच्या वायरीवर उंदरांच्या चार पिढ्या पोसल्या होत्या आणि पाचवी आत नांदत होती. भंगारवाल्यांचे ढीग उपसले, ओळखीपाळखीच्या कचेऱ्यांतली कपाटं धुंडाळली. सगळीकडे नवे, गुळगुळीत, फुंकरीचे.

आता आण्णा पडदा लावत नाहीत. आम्ही त्यांना हो-नाहीचं विचारतो, ते मान हलवतात. आई मीठ जास्त घालून बघते. ते जेवून उठतात.

परवा दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला खुणेनं बोलावलं. हात छातीशी नेला, मग खिडकीकडे केला, मग बोटं हवेत नाचवली.

“पाणी?” नाही. “पंखा वाढवू?” नाही. “गोळी? छातीत दुखतंय?” नाही, नाही. “खिडकी लावू? कुणाला फोन लावू?” आई आली. “अवो, चा पायजे का? बाहीर बसायचंय? नातवंडांची आठवण येती व्हय?” मान हलतच होती, प्रत्येक वेळी जरा कमी. मी भिंतीवरच्या घड्याळापासून कोनाड्यातल्या चष्म्यापर्यंत दिसेल ती वस्तू विचारत सुटलो.

“चादर?”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग हो म्हणून मान हलवली.

बाहेर डांबर वितळत होतं. मी कपाटातून चादर काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी ती दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. आई म्हणाली, “बघ, चादरच पायजे हुती.” मी पंखा पाचवर केला.